तिसरा टिक

गाडीच्या टपावर रेडिओचं एरियल बसवायचं, काम एवढंच. टिटवीनं वहिनीला फोनवर सांगितलंही होतं, "दुपारी चढते, चहाला उतरते." आणि चहाला ती उतरलीच, त्यात खोटं काही नाही. पण जी चढली तीच सबंध उतरली का, ते मात्र तुम्हीच ठरवा. मी आपलं घडलं तसं सांगतो.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हे. थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, लहानपणी पाडलेलं. घरात कुठं खुट्ट झालं की ही त्या पक्ष्यासारखी कलकलाट करायची, म्हणून टिटवी. पुढे टेलिफोनच्या केबली जोडण्यात तीस वर्षं गेली, निवृत्ती आली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

लहानपणी दोघांच्या खोल्यांच्या मध्ये लाकडी भिंत होती. दिवे मालवले की बोलायची बंदी. मग दादानं कुठूनसं मोर्सचं पुस्तक पैदा केलं. छोटा आवाज म्हणजे टिक, लांब आवाज म्हणजे डा. पण भिंतीवर लांब आवाज काढायचा कसा? ठोकलं की सगळं सारखंच वाजतं. त्यावर दादानं तोड काढली. 'टिक'साठी बोटाच्या पेरानं ठोकायचं आणि 'डा'साठी नखांनी खरवडायचं. टक. खर्रर्र. असली उफराटी पद्धत जगात दुसऱ्या कुणाची नसेल. दोनदा खरवडलं की डा-डा, म्हणजे दादा. हे तर शिकवायचीही गरज नव्हती. आणि दोनदा ठोकलं की टिटवी.

ती सात वर्षांची असताना भांडणाच्या भरात तिनं दार धाडकन आपटलं आणि दादाच्या उजव्या हाताचं मधलं बोट चौकटीत सापडलं. बोट वाचलं, पण मधलं पेर वाकून आखडलं ते कायमचं. दादानं आईला सांगितलं, वाऱ्यानं दार लागलं. तेव्हापासून सलग तीन टिक आले, की त्याचे दोन झटपट पडायचे आणि तिसरा मागे रेंगाळायचा. टक टक... टक. 

मोठेपणी दोघांनी हॅम रेडिओचे, म्हणजे हौशी बिनतारी गप्पांचे, परवाने काढले आणि प्रत्येकाला आपलं कॉल-साइन, म्हणजे ओळखीची अक्षरं, मिळाली. मधली भिंत गेली आणि तिच्या जागी शेकडो मैल आले, तरी रोज संध्याकाळी सहाला मोर्सवर गप्पा ठरलेल्या. टिटवीचा हात शिवणाच्या मशीनसारखा सफाईदार, आणि दादाचा तिसरा टिक लंगडा. मोर्समध्ये माणूस गळ्यावरून ओळखू येत नाही, हातावरून ओळखू येतो. दूर कुठल्याशा बेटावर एक म्हातारे दीपगृहवाले होते. तेही सहाला यांच्या गप्पांत यायचे. कधी भेट नाही, फोटो नाही. ते म्हणायचे, "दादा, तुम्ही कॉल-साइन नाही सांगितलं तरी चालेल. तुमचा लंगडा टिक आला की मी खुर्ची पुढे ओढतो."

रेडिओवर एक खूण असते. टिक, डा, टिक टिक टिक. तिचा अर्थ 'थांब'. नुसतं थांब नव्हे, 'थांब, मी परत येतो'. ज्यानं ती दिली त्यानं परत यायचं, असा या लोकांचा शिरस्ता. दादाला ही खूण भारी प्रिय. गप्पा अगदी रंगात आल्या की थांब. दूध उतू जातंय, थांब. चष्मा सापडत नाही, थांब. टिटवी जाम वैतागायची.

एक वर्षापूर्वी सहा वाजून दहा मिनिटांनी दादानं असाच 'थांब' दिला. दीपगृहवाले त्या दिवशी रेडिओवर नव्हते, दोघंच होती. टिटवी पाच मिनिटं थांबली, दहा मिनिटं थांबली. मग तिचं डोकं सणकलं. "रोज रोज काय थांब? मी काय रिकामटेकडी आहे?" असं भिंतीलाच ऐकवून तिनं सेट बंद केला आणि भाजी चिरायला गेली. रात्री वहिनीचा फोन आला. दादा गेला होता. हृदय बंद पडलं.

तिनं हे कुणालाही सांगितलं नाही. पण आणखी पाच मिनिटं थांबले असते तर? काळजी वाटून वहिनीला फोन केला असता तर? तिकडे तो जमिनीवर पडला होता आणि मी इकडे दुधी चिरत होते, हे एकच चित्र तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. सेटवर तिनं टेबलक्लॉथ टाकला तो वर्षभर काढला नाही. दीपगृहवाल्यांचं सांत्वनाचं पत्र आलं, त्यालाही उत्तर धाडलं नाही.

आणि अशात वहिनीचा फोन.

"वन्सं, सवतीला रस्त्यावर काढायचं म्हणते मी."

सवत म्हणजे दादाची गाडी. मोटरहोम. आत पलंग, शेगडी, फ्रिज, सगळा संसार. जुनीपुराणी विकत घेऊन पाच वर्षं तो तिच्यातच रमला होता. जेवायला हाक मारली तरी यायचा नाही, म्हणून वहिनीनं तिचं नाव सवत ठेवलेलं. निवृत्तीनंतर दोघं भटकणार होती. ते राहून गेलं.

"आता मी जाणार. तुम्ही पण चला. पण जिथं फोन लागत नाही तिथं माझा जीव घाबरा होतो, तेव्हा तो रेडिओ पाहिजेच. ह्यांचं एरियल खोक्यात पडलंय तसंच. बसवून द्याल?"

टिटवीची नजर टेबलक्लॉथखालच्या सेटकडे गेली. पण वहिनीला नाही म्हणणं तिला उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

टिटवी रात्रभर प्रवास करून वहिनीकडे पोचली. गाडी वहिनीच्या गावाबाहेरच्या एका आवारात असायची. हिवाळाभर लोक अशा गाड्या तिथं आणून लावतात. कापडं पांघरून ओळीनं उभ्या. त्या दिवशी धुकं असं उतरलं होतं की दुपारी तीनला फाटकावरचा दिवा लागलेला. राखणदारानं खोलीतून डोकं बाहेर काढलं.

"तुमची गाडी चौदा नंबरवर नाही हं, ताई. तिथं पाइपासाठी खणलंय. परवा मागच्या कोपऱ्यात नेऊन लावली मी."

"लावा हो कुठंही," वहिनी म्हणाली. "चोर नेत नाहीत म्हणजे झालं."

दोघी धुक्यातून मागे चालत गेल्या. गाड्यांच्या रांगा पाच-पाच पावलांवर उगवायच्या आणि मागे बुडून जायच्या. ओल्या खडीचा आणि रबराचा वास. कोपऱ्यात सवत उभी होती, एकटीच, नाक कुंपणाकडे करून.

आधी टिटवीनं टपावर चढून आपल्याकडचं लोहचुंबकाच्या बुडाचं एरियल बसवून पाहिलं. ते टपावरून घसरत थेट तिच्या मांडीवर आलं. टप फायबरचा, त्याला चुंबक काय कपाळ धरणार!

"तीस वर्षं हेच केलंत ना तुम्ही?" वहिनी खालून म्हणाली.

"तू शिडी धर गं."

मग दादाचं खोकं उघडलं. एकात एक सरकणारा तीन तुकड्यांचा ॲल्युमिनियमचा खांब, वर लवचीक काडी, खाली बोल्ट मारायचं बूड. प्रत्येक वस्तूला दादाच्या अक्षरात चिठ्ठी. 'हा आधी.' 'हा नंतर.' 'रबर विसरू नको.' ती चिठ्ठी कुणासाठी होती? टिटवीनं नाक पुसलं आणि ड्रिल उचललं. भोकं पडली, बूड बसलं, कडेनं गळतीचं रबर भरलं. केबल खाली सोडली. वहिनीनं आतून ती ओढून घेतली आणि टेबलावर मांडलेल्या सेटपर्यंत नेली.

"बॅटरी जोडू का?"

"नको नको. खांब उभा राहिला की मी जोडते. गाडीत सगळं बंदच राहू दे."

"मग मी राखणदाराकडून उकळतं पाणी आणते. हातपाय गारठले माझे." वहिनीनं सवयीनं गाडीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि ती धुक्यात दिसेनाशी झाली. खडीवर तिची पावलं बराच वेळ वाजत होती. मग तीही थांबली.

टिटवी टपावर एकटी. 

दादाचा एक नियम होता. खांब उभारण्याआधी तीनदा वर बघायचं. एकदा बघितलं तर विसरतो, दोनदा बघितलं तर घाई करतो, तिसऱ्यांदा खरं दिसतं, असं तो म्हणायचा. टिटवीनं तीनदा वर बघितलं. तिन्ही वेळा पांढरं. "काही नाही वर," ती स्वतःशीच म्हणाली. आता बघा, तीस वर्षं ताराच हाताळलेली बाई, पण धुकं बघून 'काही नाही' म्हणाली. धुकं म्हणजे काही दिसत नाही. काही नाही असं नव्हे. चूक झाली ती एवढीच.

कुठूनतरी बारीक गुणगुण येत होती. घूंऽऽऽ. ती म्हणाली, गाडीतला फ्रिज असेल.

तिनं पहिला तुकडा वर सरकवला आणि चाप आवळला. दुसरा सरकवायला घेतला.

टक टक.

पायाखालून. गाडीच्या आतून, छताला खालून कुणीतरी ठोकलं होतं.

"काय गं? आलीस इतक्यात?"

तिनं कडेनं खाली डोकावून पाहिलं, शिडीपाशी कुणी नव्हतं. पत्रा थंडीनं आकसला असेल, असं तिनं म्हटलं. मग तिच्याच लक्षात आलं की टपाला पत्रा कुठं आहे? फायबर तर आहे. तिनं मान झटकली आणि दुसरा तुकडा वर ढकलला. चाप आवळला. आता तिसरा, शेवटचा, काडीसकट.

टक टक.

यावेळी बरोबर तिच्या टाचेखाली. दोनच. झटपट. दोन टिक. या जगात दोन टिक देऊन तिला हाक मारणारं एकच माणूस होतं.

"वहिनी...?" आवाज तिलाच ऐकू येईना. "वहिनी, हे बरं नाही हं. असली थट्टा..."

पण वहिनीला मोर्सचं अक्षर येत नव्हतं. आणि भिंतीवरची ती पद्धत तर त्या दोघांनी कुणालाच दाखवलेली नव्हती.

टक.

खर्रर्र.

लांब, सावकाश. अस्तरावरून नखं ओढल्याचा तो आवाज तिच्या तळपायातून वर चढत मानेपर्यंत आला.

टक टक...

तिनं श्वास रोखला. नको, देवा, ती मनात म्हणाली. नको... आणि त्याच वेळी, ये ना रे...

...टक.

लंगडा.

तिचे हात खांबावर तसेच गोठले. तिसरा तुकडा अर्धा वर आलेला, बाकीचा खाली. पळावं म्हटलं तर पाय हलत नव्हते, ओरडावं तर बोबडी वळलेली. तोंडातून शब्द फुटला तो एवढाच, "दादा...?"

काही नाही. नुसती ती गुणगुण. आणि मग परत, घाईनं, जोरात, टप थरथरेल असा. टक. खर्रर्र. टक टक... टक. थांब.

वर्षभर तिनं मनात हजारदा तो 'थांब' ऐकला होता. झोपेत ऐकला होता, कुकरच्या शिट्टीत ऐकला होता. आणि आता तो तिच्या पायांखाली वाजत होता. घाबरून जीव चालला होता, पण त्याहून मोठं काहीतरी तिच्या आतून उसळून आलं. तिनं तिसरा तुकडा हळूच खाली घेतला आणि टपावर बसकण मारली. उजवा हात मात्र खांबावरून निघेना. थंड धातूला बोटं अशी आवळली होती की डाव्या हातानं एकेक सोडवावी लागली.

"थांबले रे," ती म्हणाली. रडत होती ती आता. "थांबले बघ. यावेळी कुठं जात नाही."

ती बसली. पाच मिनिटं. दहा. गार लागत होतं, गुडघे ठणकत होते. खालून आवाज नाही. ती हलली नाही. पंधरा मिनिटं झाली असतील. कुंपणापलीकडून वाऱ्याची एक झुळूक आली, आणि डोक्यावरचं धुकं चादर ओढल्यासारखं बाजूला झालं.

वर तारा होत्या.

तीन जाड, काळ्या. मोठ्या खांबांवरून जाणारी, गावाला वीज नेणारी लाइन, बरोबर गाडीच्या डोक्यावरून. गुणगुण तिचीच होती. फ्रिजची कशी असेल? बॅटरी तर जोडलीच नव्हती! एरियलचं टोक आत्ता आहे तिथून सर्वात खालच्या तारेपर्यंत तीन हात अंतर. आणि तिसरा तुकडा पुरा वर गेला असता तर... टिटवीनं मनातल्या मनात मापलं. अशा लाइनला चिकटलेल्या माणसाचं काय होतं, ते तिनं नोकरीत एकदा पाहिलं होतं. आडवी झाली ती टपावर, पोटावर, आणि खांबाचे चाप सोडवून तो पुरता आत जाईपर्यंत तिनं डोकं वर केलं नाही.

खडीवर पावलं धावत आली. पुढे राखणदार, मागे हातात थर्मास घेऊन वहिनी.

"ताई! खांब उभारू नका! अहो, वर लाइन आहे!" तो लांबूनच ओरडत होता. "ह्या म्हणाल्या एरियल बसवतायत, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला... माझीच चूक हो, मी गाडी इथं आणली..." 

"वन्सं! बोला काहीतरी!" वहिनीचा आवाज फाटला होता.

"जिवंत आहे गं," टिटवी म्हणाली. "शिडी धर."

खाली उतरल्यावर तिनं पहिलं काम केलं ते दाराला हात घालायचं. कुलूप होतं.

"किल्ली कुठंय?"

"ही काय, माझ्या खिशात."

"दुसरी?"

"दुसरी किल्ली ह्यांच्याबरोबरच..." वहिनी अडखळली. "ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात राहिली होती. तशीच गेली. का?"

टिटवीनं दार उघडवलं. आत कुणी नव्हतं. पलंगावर घडी घातलेली पांघरुणं, टेबलावर न जोडलेला सेट, शेगडीवर धूळ. छताला आतून मऊ करडं अस्तर होतं, दादानंच लावलेलं, आणि वर्षभराच्या धुळीनं ते मळकं झालं होतं. एरियलच्या बुडाखाली मात्र धूळ पुसली गेलेली. लहान लहान ठिपके, आणि मध्ये ओरखडे. नखांचे. टिटवीनं टेबलावर चढून जवळून पाहिलं. चार बोटांनी खरवडलं की चार रेघा उठतात. इथं प्रत्येक ठिकाणी तीनच होत्या. मधल्या बोटाची जागा रिकामी.

अशाच तीन रेघा जुन्या घराच्या लाकडी भिंतीवर होत्या. आई दर सणासुदीला रंग द्यायची आणि चिडायची.

राखणदारानं मुकाट्यानं गाडी फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत आणून लावली. तीन वेळा माफी मागितली. तोवर धुकंही विरलं होतं आणि वर स्वच्छ फिकट आकाश होतं, तारा नाहीत, फांद्या नाहीत, काही नाही. टिटवीनं यावेळी राखणदारालाही वर बघायला लावलं.

मग दोघी आत बसल्या. वहिनीनं थर्मासचं पाणी ओतून चहा केला. टिटवी उजवा हात मांडीवर चोळत होती.

"काय झालं हाताला?"

"गारठलाय. मधलं बोट वळत नाहीये."

"चोळा, चोळा." वहिनीनं कप पुढे सरकवला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "वन्सं, तुम्ही खांब मध्येच का थांबवलात? तुम्हाला तर तारा दिसत नव्हत्या."

आणि मग टिटवीनं सांगितलं. छताखालचं ठोकणं सांगितलं, तीन रेघा दाखवल्या, आणि सांगता सांगता ते दुसरंही बाहेर आलं, वर्षभर छातीवर दगड होऊन बसलेलं. सहा वाजून दहा मिनिटं. थांब. बंद केलेला सेट.

"मी थांबले नाही गं, वहिनी. तो तिकडे पडला होता आणि मी..."

वहिनीनं तिला मध्येच तोडलं.

"कोण पडलं होतं?"

"दादा."

"अहो, काहीतरीच काय! हे सेटवरून उठून चांगले चालत स्वयंपाकघरात आले. म्हणाले, 'टिटवीला थांबवून आलोय, ती फणफणली असेल. चहा टाक पटकन.' हसत होते. खुर्चीत बसले. मी आधण ठेवायला वळले, आणि परत वळले तर..." वहिनीनं डोळे टिपले. "शेजारी डॉक्टर आहेत, ते धावत आले. म्हणाले, क्षणात झालं, कुणाला काही करता आलंच नसतं. मी होते ना तिथं! तुम्ही फोन करून काय केलं असतं?"

टिटवीनं हातातला कप खाली ठेवला.

"आणि मला काय खात होतं सांगू?" वहिनी म्हणाली. "तुम्हाला फोन करायला मला तीन तास लागले. भानच नव्हतं. वर्षभर मला वाटतंय की वन्सं तिकडे सेटला कान लावून बसल्या असतील, थांब म्हणाले म्हणून थांबल्या असतील बिचाऱ्या तीन तास... तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटायची मला."

"मी दहा मिनिटांवर थांबले नाही!"

"अगं बाई! मग बरं झालं की!"

आणि दोघींना हसू फुटलं. साधंसुधं नव्हे, चहा सांडेपर्यंत. हसता हसता रडल्या, रडता रडता पुन्हा हसल्या. टिटवीचा जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते त्या गाडीत बसून बघायला हवं होतं. वर्षभरात पहिल्यांदा तिनं पोटभर श्वास घेतला. दादा रागावून गेला नव्हता. चहा प्यायला गेला होता.

सहाला पाच मिनिटं कमी होती. बाहेर अजून संधिप्रकाश होता.

"लावायचा का?" वहिनीनं सेटकडे बोट केलं.

टिटवीनं बॅटरी जोडली. सेटचा पिवळा दिवा लागला आणि गाडीत तो जुना, ओळखीचा खरखराट भरला. मीटरचा काटा बघून ती खूश झाली, एरियल फक्कड बसलं होतं. तिनं मोर्सची की, म्हणजे ठोकायची पट्टी, पुढे ओढली. उजवा हात ठेवला. बोट अजून आखडलेलंच, पण म्हटलं चालेल, होईल मोकळं. तिनं आपलं कॉल-साइन दिलं, मग विचारलं, कुणी आहे का? दोन वेळा, तीन वेळा.

खरखर. मग त्या खरखरीच्या तळातून हळूहळू वर आला तो संथ, म्हातारा हात. दीपगृहवाले!

"आहेत!" टिटवी ओरडली, अगदी टिटवीसारखी. "वहिनी, आहेत गं ते अजून!" आणि तिनं भराभर पाठवायला घेतलं. उशीर झाला, पत्राला उत्तर दिलं नाही, माफ करा, आता रोज येईन, आम्ही दोघी प्रवासाला निघतोय. मनातलं सगळं. पाठवून झालं आणि ती वाट बघत बसली.

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.

"गेले का?" वहिनीनं कुजबुजत विचारलं.

मग आलं. एकेक अक्षर, सावकाश, जपून. टिटवी ते पुटपुटत वाचत होती. "कॉल... साइन... टिटवीचं आहे."

थोडी खरखर.

"हात... दादाचा आहे."

वहिनीच्या हातातला कप बशीवर वाजला.

"कोण... बसलंय... तिथं?"

टिटवीनं उजव्या हाताकडे पाहिलं. मधलं बोट पेरात वाकून तसंच राहिलं होतं. तिनं डाव्या हातानं ते सरळ करायला पाहिलं. होईना. दुखतही नव्हतं. चौकटीत सापडून पन्नास वर्षं झालेल्या बोटासारखं ते गप्प होतं. भीती वाटली तिला, नाही कशाला म्हणू? पण त्या भीतीच्या खाली कुठंतरी बरंही वाटलं, आणि त्याचं तिलाच नवल वाटलं. घरातलंच बोट ते. तिनंच मोडलेलं.

"काय करायचं आता?" वहिनीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "काय सांगणार त्यांना?"

टिटवीनं तीनदा श्वास घेतला. मग की दाबली. टिक. डा. टिक टिक...

वहिनी छताकडे बघत होती.

...टिक.